पाच क आणि एक शाब्बास

माझे बाबा कारखान्याच्या गेटवर गाड्या मोजतात. सहा महिने झाले ते घरीच आहेत, पण आमच्या घरात 'मोजायचे' असं कुणी म्हणत नाही.

त्या गेटच्या आत शिरलं की रस्त्याच्या वरून वाफेचे पाइप आडवे जातात, जमिनीपासून साडेचार मीटरवर. भरलेला ट्रक त्याहून उंच असला तर पाइप फुटतो आणि खाली उभा असेल तो भाजतो. म्हणून गेटवर एक माणूस लागतो. तेवीस वर्षं तो माणूस म्हणजे माझे बाबा. कमरेला पोलादी टेप, हातात लांब काठी. ड्रायव्हर त्यांना टेपमामा म्हणतात, काही प्रेमाने आणि बरेचसे वैतागून.

"अहो मामा, सकाळीच मोजलीत की ही गाडी."

"सकाळची सकाळी गेली. ही आत्ताची आहे."

एकदा कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी स्वतः पुढे बसून नवं यंत्र आणलं. ट्रक चार बोटं उंच भरला. साहेब खिडकीतून म्हणाले, "अरे, माझीच गाडी आहे." बाबा म्हणाले, "पाइपला ते माहीत नाही, साहेब." मग चारही बाजूंच्या टायरची हवा कमी करून ट्रक रांगत आत गेला. ही गोष्ट आई अजून पाहुण्यांना सांगते आणि दर वेळी ट्रक एखादं बोट वाढतो.

त्यांचं दुसरं काम टँकरचं. टँकरवरची पाटी आणि कागद ताडून बघायचे आणि ड्रायव्हरला तोंडाने सांगायचं: अ‍ॅसिड असेल तर डावीकडची टाकी, कॉस्टिक सोडा असेल तर उजवीकडची. एकात दुसरं पडलं तर टाकी उकळून उडते. तेवीस वर्षांत तसं एकदाही झालं नाही, एवढंच त्यांच्याबद्दल सांगितलं तरी पुरे.

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ते आईला म्हणाले, "मला खिडकी दे."

आईने खिडकी उघडली. बाबा चिडले. "खिडकी. खिडकी दे ना." ते टेबलावरच्या रिकाम्या कपाकडे बोट दाखवत होते.

मेंदूत रक्ताची बारीकशी गाठ अडकली होती. हात, पाय, चेहरा सगळं जागच्या जागी राहिलं, शब्द तेवढे हलले. चमच्याला चष्मा, दाराला दोरी. आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट अशी की चुकीचा शब्द बोलल्याचं त्यांना स्वतःला कळत नसे. आपण बरोबरच बोललो, समोरचाच मठ्ठ आहे, अशा नजरेने ते बघायचे.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या म्हणाल्या, "घरी रोज सराव हवा. वस्तूचं वर्णन सांगायचं, नाव त्यांनी शोधायचं." आई दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी दोघांचं भांडण झालं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, सी भाषा नुकतीच शिकले होते आणि जगातला कुठलाही प्रश्न प्रोग्रॅम लिहून सुटतो असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "मी खेळ बनवते."

दोन दिवसांत बनवला. पडद्यावर वर्णन येतं: 'यात पाणी तापवतात'. खाली बाबांनी शब्द टाइप करायचा. तीन संधी. बरोबर आला की 'शाब्बास', नाही आला की 'पुढचा शब्द'. एकूण चोवीस शब्द आणि शेवटी गुण. कीबोर्डवर मी मराठी अक्षरांचे स्टिकर लावले, पण त्यांची गरज नव्हती. गेटवरच्या कॉम्प्युटरवर गाड्यांची नोंद करून बाबांच्या एका बोटाला सगळा कीबोर्ड पाठ होता.

मी तो तपासलाही. 'पाणी' लिहिलं, शाब्बास आलं. 'कुलूप' लिहिलं, शाब्बास आलं. चुकीचं उत्तर म्हणून नुसता 'क' दाबला, शाब्बास आलं नाही. झालं. घरभर मिरवले.

मागे उभं राहिलं की बाबांना घाम फुटायचा, म्हणून आईने आम्हाला त्या खोलीत जायची बंदी केली होती. ते एकटे खेळायचे आणि शेवटचा गुणांचा आकडा मला दाखवायचे. पहिल्या आठवड्यात नऊ. दुसऱ्यात चौदा. तिसऱ्यात एकवीस.

चोवीसपैकी एकवीस. आईने तो आकडा मला कागदावर छापून आणायला लावला.

शिकवणाऱ्या बाईंना मात्र एक गोष्ट खटकली. "मोठे शब्द येतात आणि 'नळ', 'सुई', 'दार' येत नाहीत? सहसा उलटं असतं."

मी इंटरनेटवर काहीबाही वाचलेलं होतं. छाती काढून म्हणाले, "मोठ्या शब्दाला आठवणीचे जास्त धागे असतात ना, म्हणून."

बाई म्हणाल्या, "असेल." आणि त्यांनी तो कागद आपल्या अहवालाला जोडून कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवला. बाबांना गेटवर परत घ्यायचं की नाही ते हे डॉक्टर सोमवारी ठरवणार होते.

शनिवारी दुपारी आई बाबांच्या कामाच्या शर्टाला इस्त्री करत होती. आतल्या खोलीतून हाक आली, "ए पोरी. ये."

बंदी असलेल्या खोलीत बोलावणं म्हणजे काहीतरी बिघडलं असणार. मी गेले. बाबांनी मला खुर्चीच्या मागे उभं केलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. वर्णन होतं: 'दाराला लावतात, किल्लीने उघडतं'.

त्यांनी सावकाश टाइप केलं: किल्ला.

शाब्बास.

"बाबा, हे कुलूप आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे." त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाच्या कुलपाकडे हात केला. "सकाळी मी हेच... हेच लिहिलं. शाब्बास आलं. मग ते दिसलं. मग शब्द आला." त्यांनी डोक्याला बोट लावलं. "उशिरा आला. पण आला."

माझी पहिली प्रतिक्रिया लाज वाटावी अशी होती. मी म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या संधीत कुलूप लिहिलं असेल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांच्या ट्रककडे असंच बघितलं असणार. मग पुढच्या प्रश्नाला त्यांनी टाइप केलं: मूर्ख मुलगी.

शाब्बास. आणि मी डोळे मिटून उघडेपर्यंत त्याच्या पुढच्या प्रश्नालाही, कुणी काहीही न लिहिता, शाब्बास.

"दोनदा," बाबा म्हणाले. "एवढं खरं आहे वाटतं."

मला हसू आलं नाही. बाबांनी कीबोर्डखालून एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीने रेघा होत्या. एक रेघ, पुढे फुली. दोन रेघा, फुली. तीन, फुली. चार, फुली. पाच रेघा, पुढे बरोबरची खूण. सहा, बरोबर. सात, बरोबर. माझा प्रोग्रॅम त्यांनी काठी लावून मोजला होता. एक क, दोन क, तीन क, चार क लिहून बघितले. पाचव्या क ला फाटक उघडलं होतं.

"चार थांबतात," ते म्हणाले. "पाच... लांब माल. बघतच नाही. सोडतो."

मी मांडी घालून जमिनीवर बसले आणि कोड उघडलं. शोधायला एक मिनिट लागलं. इतकं उघडं होतं की ते तीन आठवडे न दिसल्याचाच जास्त धक्का बसला.

सी भाषेत टाइप केलेला शब्द ठेवायला आधी जागा आखून द्यावी लागते. मी बारा खण दिले होते. अकरा अक्षरं आणि शब्द संपल्याची खूण. अकराहून लांब शब्द माझ्या यादीत नव्हताच. पण हा हिशेब इंग्रजी अक्षरांचा, एका अक्षराला एक खण. आपल्या एका अक्षराला तीन खण लागतात, आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटीला आणखी तीन. म्हणजे चारच चिन्हांत बारा खण भरले. पाचव्या चिन्हाने कुठे जायचं? शब्द वाचून घेणारी स्कॅनएफ नावाची आज्ञा मी जशी लिहिली होती, तशी ती जागा किती आहे हे विचारतच नाही. ती पुढच्या खणांत लिहीत सुटते. आणि माझ्या प्रोग्रॅमात बारा खणांना लागून पुढच्याच जागेत मी 'जिंकला की नाही' हे ठेवलं होतं. शून्य म्हणजे नाही. दुसरं काहीही म्हणजे हो.

चार चिन्हांनंतरची 'शब्द संपला' ही खूण तिथे पडायची, पण ती खूण म्हणजे शून्यच. पाचवं चिन्ह सांडून तिथे पडलं की तिथे शून्य उरत नव्हतं. बाबा जिंकत होते.

त्यापुढे थोडी जागा मोकळी होती, म्हणून प्रोग्रॅम कधी कोसळलाही नाही. कोसळला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो शाब्बास म्हणत राहिला.

वर्गात सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की बाहेरून आलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. मी ते वहीत चौकट करून उतरवलंही होतं. मला वाटायचं ते चोरांबद्दल आहे.

"बाबा, एकवीसमधले खरे किती?" मी विचारलं. मला वाटलं होतं त्यांना आठवेल.

त्यांनी खांदे उडवले. "तुझ्याकडे... वही?"

वही नव्हती. लिहिलेलं उत्तर साठवायचं मला सुचलंच नव्हतं. गेटवर परत पाठवलेल्या गाडीचीसुद्धा नोंद होते, आणि मी फक्त आकडा ठेवला होता.

मी घाईघाईने दुरुस्ती केली. स्कॅनएफ काढून दुसरी आज्ञा घातली, जी बारा खणांपुरतंच घेते आणि थांबते. "आता बघा," म्हणाले. बाबांनी 'किल्ला' लिहिलं. शाब्बास आलं नाही. मी श्वास सोडला. पण दुसरी संधी आली आणि त्यांनी बोट उचलायच्या आतच ती वायाही गेली. पडद्यावर अर्ध्या अक्षराचा चौकोन उमटला होता.

बाबा म्हणाले, "शेपूट कुठे गेली?"

"कसली शेपूट?"

"गाडी. अर्धी आत घेतलीस." त्यांनी हाताने मधोमध काप दाखवला. "मागचं अर्धं रस्त्यात. मागून येणारा... त्याच्यावर आदळणार."

तसंच झालं होतं. शब्दाचा उरलेला तुकडा बाहेर रांगेत उभा होता आणि तोच पुढचं उत्तर म्हणून आत घुसत होता. मला शब्दाला शब्द जोडून जे सांगायला दहा मिनिटं लागली असती, ते त्यांनी चुकतमाकत चार वाक्यांत सांगितलं. मी विचारलं, "मग गेटवर काय करता?"

"कापायचं नाही. अख्खी मागे." त्यांनी तळहात दाखवला. "रस्ता मोकळा. मग पुढची."

तसंच केलं. पूर्ण ओळ वाचायची. मोठ्या जागेत, पण मोजून. मावली नाही तर उरलेली ओळ शेवटापर्यंत उपसून टाकायची, 'फार लांब आहे, पुन्हा लिहा' म्हणायचं, आणि ती संधी धरायची नाही. रिकामं एंटर दाबलं तरी तेच. एका ओळीत दोन शब्द आले तरी तेच. प्रत्येक उत्तर फाइलमध्ये नोंदायचं. बाबांनी प्रत्येक गोष्ट स्वतः वाजवून बघितली. पन्नास क लिहिले. काहीच न लिहिता दहा वेळा एंटर दाबलं. 'मूर्ख मुलगी' पुन्हा लिहिलं आणि नाकारलं गेल्यावर म्हणाले, "आता जरा बरी आहे."

मग ते खरे खेळले. या वेळी मी शेजारी बसले होते.

चोवीसपैकी सात.

फाइल मी उघडली तेव्हा आई इस्त्री सोडून दारात उभी होती. मी वाचत गेले. पंखा विचारला, पांघरूण लिहिलं. चमचा विचारला, चष्मा. कात्री विचारली, कंगवा. तीनही वेळा कंगवा. आणि मला कळेना की हे वाचताना मला जास्त काय लागतंय, हे शब्द की हे शब्द गेले तीन आठवडे शाब्बासकी घेत होते हे.

"म्हणजे सुधारणा झालीच नाही?" आईने विचारलं.

"सात येतात, आई."

"कालपर्यंत एकवीस येत होते."

"येत नव्हते गं."

तिने मला दाराबाहेर ओढलं. मग दबक्या आवाजात, मला एकटीला म्हणाली, "कागद तर गेलाय पुढे. छापील आहे. डॉक्टर काय तुझा प्रोग्रॅम उघडून बघणार आहेत? एकदा गेटवर उभे राहिले की येईल सगळं. घरात बसून माणूस गंजतो."

"आई, टँकर असतात तिथे."

"तेवीस वर्षं त्यांनीच—"

"अ‍ॅसिड," बाबा आतून म्हणाले. त्यांना ऐकू गेलं होतं. "पाइपला माहीत नाही."

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्ट अर्धाच झाला होता.

सोमवारी तोच शर्ट घालून ते गेले. कारखान्याच्या दवाखान्यात हिरवे पडदे होते आणि फिनेलचा वास. डॉक्टर तरुण होते, घाईत होते आणि चांगल्या मूडमध्ये होते. फाइलमध्ये सगळ्यात वर माझा छापील कागद होता.

"चोवीसपैकी एकवीस. वा, टेपमामा. गेटवर तुमच्यावाचून खोळंबा झालाय," असं म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बाबांनी हात पुढे करून फाइलवर पालथा ठेवला. गेटवर गाडी थांबवतात तसा.

"थांबा. हे... लांब. मोजलं नाही." पुढचा शब्द येईना. त्यांनी खिशातून सात गुणांचा कागद आणि रेघांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "हे काय?"

"तो एकवीसचा आकडा खोटा आहे," मी म्हणाले. "बाबांनी नाही केला. मी केला. माझ्या प्रोग्रॅमची चूक होती, ती त्यांनी पकडली." आणि रेघांचा अर्थ सांगितला.

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. मग एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून बाबांसमोर धरलं. "टँकरवर ही पाटी आहे. ड्रायव्हर विचारतोय, काय आहे? सांगा त्याला."

कागदावर 'कॉस्टिक' लिहिलं होतं.

बाबांनी वाचलं. घाई केली नाही. मान ताठ केली आणि गेटवरच्या त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अ‍ॅसिड. डावीकडे घे."

त्या आवाजात शंकेचा कणही नव्हता. तेवीस वर्षं ज्या आवाजावर ड्रायव्हर डोळे मिटून गाडी वळवत आले, तोच आवाज होता. एक सही, आणि आज दुपारी तो आवाज फाटकावर उभा राहिला असता. आईने तोंडावर पदर धरला. बाबा आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत होते, आणि मला दिसलं की त्यांना कळत नाहीये. मग ते पुन्हा कागदाकडे वळले. बोट अक्षरांवरून हळूहळू नेलं. एकदा, दोनदा.

"नाही," ते म्हणाले. आणि बोट उजवीकडे केलं. शब्द आला नाहीच.

डॉक्टरांनी लिहिलं: तीन महिने गेटचं काम नाही, सराव चालू ठेवावा, पुन्हा तपासणी. एकवीसचा कागद त्यांनी फाइलमधून काढून मला दिला. "हा तू ठेव," म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त जड गेलं.

बाहेर पडताना गेटवरून यावंच लागतं. बाबांच्या जागी आलेला नवा गेटमन काठी घेऊन एका ट्रकजवळ उभा होता. बाबांना बघून तो धावत आला.

"टेपमामा! काय म्हणाले डॉक्टर? कधी येताय?"

"तीन मीटर," बाबा म्हणाले.

नवा गेटमन हसला. त्याला वाटलं मामांनी टोला हाणला. आई माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं, दुरुस्त करायला. पण बाबांनी मला हाताने थांबवलं. ते उभे राहिले, ओठ हलवत, काहीतरी उचलून बघितल्यासारखे. मागे ट्रकवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"महिने," ते म्हणाले. "तीन महिने."

मग काठीकडे बोट दाखवून गेटमनला म्हणाले, "आधी ती काठी मोज. मग गाडी."